किल्ली माझ्याकडे

११ नोव्हें. २००२, सोम.
दादाला घरी आणलं. कावीळ उतरतेय असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पण डोळे अजून पिवळे. जीपमध्ये मागच्या सीटवर तो, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर. मी म्हटलं, मागे सामानात ठेवू. नको म्हणाला. कसाऱ्याच्या घाटात दोनदा ओकला, तेव्हाही एक हात मॉनिटरवर होता.
आईने शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत सरकवलं. त्या जागी कॉम्प्युटर. मुंबईतल्या त्याच्या संशोधन संस्थेने तीन महिने रजा दिली आहे. दादा तिला रजा म्हणत नाही.

१४ नोव्हें., गुरु.
पहिली शिफ्ट करून आलो. दादाचं काम नेमकं काय, ते आज पहिल्यांदा नीट विचारलं. इतकी वर्षं कॉलनीत 'अणूवर संशोधन' एवढंच सांगत आलो. अणू नव्हेच. अणूच्या आतल्या कणांच्याही आतला, बी क्वार्क म्हणून एक. जपानमध्ये एका मोठ्या यंत्रात तो तयार होतो आणि लगेच मोडतो. बहुतेक वेळा ठरलेल्या तऱ्हांनी. फार क्वचित आडवाटेने.
'त्र्यंबक रोड बंद आहे असं समज,' दादा म्हणाला. 'सातपूरहून सीबीएस स्टँडला रिक्षा कशी जाईल?'
'गल्लीबोळातून.'
'म्हणजे एखाददुसरीच पोचेल. आता तू सीबीएसला उभा राहून मोजतोयस आणि अपेक्षेपेक्षा जास्त पोचल्या. काय समजशील?'
'कुणाला तरी दुसरा रस्ता सापडलाय.'
तो दुसरा रस्ता म्हणजे नवीन बल. प्रत्येक बल वाहून नेणारा एक कण असतो, आणि माहीत असलेले सगळे हिशेबात धरून झालेत. त्यांच्यापलीकडचा एखादा असेल तर स्वतः समोर येणार नाही. फक्त आडवाटेची गर्दी बदललेली दिसेल.
'पण मोजणाराच चुकला असेल तर?'
दादा हसला. आल्यापासून पहिल्यांदा. 'तेवढ्यासाठीच पाच वर्षं ठेवतात.'

१७ नोव्हें., रवि.
आज एक जबाबदारी अंगावर आली. नीट लिहून ठेवतो.
पडद्यावर आलेख. सगळीकडे ठिपके, मधोमध एक कोरा चौकोन. खरी आडवाटेची मोड झाली असेल तर तिचा ठिपका त्या चौकोनात पडतो. बाहेरचा सगळा कचरा. दादाचं काम म्हणजे कचरा गाळणारी चाळणी बनवणं. चाळणी पक्की होईपर्यंत चौकोनातले ठिपके बघायचे नाहीत, असा त्यांच्यात कडक नियम आहे. ते ठिपके वेगळ्या फाइलमध्ये बंद असतात. तिला ते पेटी म्हणतात. सर (दादाचे गाईड) आणि परदेशातली समिती हो म्हणेल तेव्हाच पेटी उघडायची.
मला हे लगेच पटलं. आमच्या वर्कशॉपमध्येही ऑपरेटरला स्वतःचा माल तपासू देत नाहीत, तो माझ्याकडे येतो. गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) जरासा तिरका धरला की न जाणाराही जातो. मुद्दाम कुणी करत नाही. हात आपोआप वळतो.
'संस्थेत सगळ्यांदेखत बसावं लागतं,' दादा म्हणाला. 'इथे मी एकटा. म्हणून पेटीला कुलूप तू घालायचं.' पासवर्ड मी टाकायचा, त्याला सांगायचा नाही. मी टाकत असताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
'मी मागितला तरी देऊ नकोस. रडलो तरी.'
मग माझ्यासमोर सरांना फोन. 'सर, किल्ली धाकट्याकडे आहे.' सर मोठ्याने हसले, ते मलाही ऐकू आलं.
पासवर्ड लांब आहे. इथेही लिहीत नाही. दोनदा मनात म्हणून पाहिला.

२६ नोव्हें.
लेथवरचे खैरनार (सटाण्याकडचे) चहाला विचारत होते, 'तुना दादा घर बशीसन काय करी ऱ्हायना रे?'
नवीन बल शोधतोय म्हणालो.
'आते कावीळमां बल कोठून येई?'
सगळे हसले. मीही. घरी येऊन दादाला सांगितलं, त्याला हसू आलं नाही.

२९ नोव्हें.
उकडलेला दुधी. आई दादासाठी फोडणीशिवाय करते आणि स्वतःही तेच खाते.
जेवताना दादा: 'पहिलं अक्षर काय आहे, एवढं सांग.'
'का?'
'सहज. आठवतंय का बघतोय.'
आठवतं म्हटलं. सांगितलं नाही. थट्टाच होती.

६ डिसें.
आईबरोबर विहारात. दादा आला नाही, थकवा आहे म्हणाला. वंदना झाल्यावर जाधवकाकांनी (कॉलनी समितीचे अध्यक्ष) आईला थांबवलं. 'सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठेवतो. कॉलनीतला पहिला डॉक्टर. गोळ्या देणारा नव्हे, पुस्तकं लिहिणारा.' आई पदराने डोळे पुसत राहिली. मी म्हटलं, काका, अजून व्हायचाय. ते म्हणाले, आपल्याला घाई करायची सवय नाही म्हणूनच मागे राहिलो आपण.
घरी आलो तर दादा त्या कोऱ्या चौकोनासमोर बसलेला. थकवा दिसत नव्हता.

१० डिसें.
ईमेल आली. अमेरिकेतल्या यंत्रावर दुसरा एक गट हेच मोजतोय, ते मार्चमध्ये आकडा जाहीर करणार. दादाने ती कितीतरी वेळा वाचली. दोन ओळींची होती.
'त्यांचा आकडा आधी आला तर?' मी विचारलं.
'मग मी त्यांच्या आकड्याला दुजोरा देणारा. किंवा न देणारा. दोन्ही सारखंच.'

१३ डिसें.
दादाने चाळणी पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी तो कारण सांगतो आणि कारण बरोबर वाटतं. मला त्यातलं गणित कळत नाही. पण रद्द प्रिंटाउट आई चुलाणं पेटवायला घेते, म्हणून मी त्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या. आज पाहिलं. दर वेळी चाळणी एकाच बाजूला सरकते आहे. कधी थोडी, कधी जास्त, पण मागे एकदाही नाही.
विचारू का नको करत विचारलं, 'दादा, कारण आधी सुचतं की चाळणी आधी बदलतोस?'
त्याने खुर्ची फिरवली. 'म्हणजे काय?'
काही नाही म्हणालो.

१८ डिसें.
आज थट्टा नव्हती.
दादा: 'फक्त एकदा. आकडा नाही बघणार. रिकामी आहे की नाही एवढंच.'
मी: 'तूच सांगितलं होतंस.'
दादा: 'तेव्हा मी आजारी होतो.'
मी: 'सरांना फोन करू का? ते हो म्हणाले तर देतो.'
तेव्हा तो म्हणाला, 'बारावीला दोनदा बसलास. भोकात गेज घातला, काढला, एवढंच तुझं आयुष्य. आणि तू मला नियम शिकवणार.'
आई आतून म्हणाली, 'अरे, काय झालं?'
'काही नाही,' आम्ही दोघेही एकदम.
राग आला नाही. भीती वाटली. दादा असं कधी बोलत नाही. मी नापास झालो तेव्हा घरात एकटा तोच काही बोलला नव्हता.

२१ डिसें.
माझा खण कुणीतरी चाचपलाय. शर्टांच्या घड्या आईच्या नाहीत. ही वहीही उलटी ठेवलेली होती.
म्हणजे दादाने हे वाचलं. १३ तारखेचंही.
आजपासून वही डब्याच्या पिशवीत, वर्कशॉपच्या कपाटात.

३० डिसें.
थंडी कडक. निफाडला पारा खाली गेल्यामुळे द्राक्षवाले बागांत शेकोट्या करताहेत असं खैरनार म्हणाले.
दुपारी लोडशेडिंग. मी कामावरून आलो तेव्हा यूपीएसची पिपाणी वाजून वाजून बंद पडली होती आणि दादा काळ्या पडद्यासमोर बसला होता. बोट पडद्यावर, बरोबर चौकोन असतो त्या जागी. तिथे काच घासून स्वच्छ झाली आहे, बाकी सगळीकडे धूळ.
'वीज गेलीय,' मी म्हटलं.
'माहीत आहे.'

३ जाने. २००३
दादाने मागणं बंद केलं. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आईशी मामाच्या शेवंतीच्या मळ्याबद्दल बोलत बसला. मला म्हणाला, 'मिल्या, तेव्हा बोललो ते मनावर घेऊ नकोस.' नाही घेतलं म्हणालो.
आई खूश आहे. मला झोप नाही. मागत होता तेव्हा निदान त्याला काय हवंय ते कळत होतं.

९ जाने., गुरु.
सरांचा फोन. परदेशातल्या समितीने चाळणी मंजूर केली. फारच सफाईदार काम आहे म्हणाले. आता ती बदलायची नाही, सोपस्कार झाले की पेटी उघडायची.
मी लगेच म्हटलं, 'दादा, सरांनी सांगितलं की किल्ली देतो. म्हणशील तर आताच कागदावर लिहून ठेवतो.'
दादा म्हणाला, 'राहू दे.'
'अरे, मंजूर झालंय.'
'राहू दे म्हटलं ना. तुझ्याकडेच बरी आहे.'
ज्यासाठी महिनाभर माझ्यामागे लागला होता, ते आता हातावर ठेवलं तर हात मागे घेतो. का?

१२ जाने., रवि.
डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून दादाला घेऊन पांडवलेणीला गेलो. तो पायऱ्या थांबत थांबत चढला. वर एका विहाराच्या ओट्यावर बसलो. खाली हायवे, पलीकडे अंबडच्या कारखान्यांचा धूर.
तिथे त्याने सांगितलं. शब्द जमतील तसे लिहितो.
'मी पेटी आधीच बघितली होती. दिवाळीच्या आधी, मुंबईत. ताप होता, खोलीवर जायचं होतं, मशीनवर बसलो आणि उघडली. अर्धा मिनिट. मग बंद केली.'
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
'काय होतं आत?'
'रिक्षा जास्त होत्या, मिल्या. असायला हव्यात त्याहून जास्त.'
'मग मला किल्ली कशाला दिलीस?'
'पुन्हा बघू नये म्हणून.' मग, 'आणि उद्या कुणी विचारलं तर तू नाही म्हणावंस म्हणून. तुझ्या नाही म्हणण्यावर कुणीही विश्वास ठेवेल.'
खाली एक शाळेची सहल आली होती. बाई ओरडत होत्या, कठड्यावर चढू नका.
मी विचारलं, 'आणि चाळणी? एकाच बाजूला सरकत होती ती?'
'कारणं खरी आहेत. प्रत्येक कारण मी कुणालाही पटवून देईन. समितीला दिलंच. पण मला ठिपके कुठे आहेत ते माहीत होतं. ते माहीत नसतं तर तीच कारणं सुचली असती का, हे मला सांगता येत नाही. मी खूप आठवून बघितलं. नाही सांगता येत.'
'मग सरांना सांग.'
'सांगितलं की काम माझ्याकडून जाईल. दुसरा कुणीतरी नवीन चाळणी करेल. वर्ष जाईल, आणि माझं नाव निघालं की पुन्हा हेच निघेल. आमच्यात ही गोष्ट पुसली जात नाही.'
'आणि नाही सांगितलं तर?'
'तर पेटीत जास्त निघतील. सगळे म्हणतील नवीन बल असण्याची शक्यता आहे. आणि जगात मी एकटा असेन ज्याला माहीत नाही, ते खरंच आहे की माझा हात.'
उतरताना तो माझ्या खांद्याला धरून उतरला.

१३ जाने.
वर्कशॉपमध्ये आज एक पूर्ण लॉट मी दोनदा तपासला. खैरनार म्हणाले, 'आज तुले काय व्हयनं?' पहिल्यांदा पास केलेले दुसऱ्यांदाही पास झाले. तरी वाटत राहिलं, पहिल्यांदा पास केलेत हे माहीत होतं म्हणूनच.
आता दादा एकटा नाही. दोघांना माहीत आहे.

१४ जाने., संक्रांत
जाधवकाका तिळगूळ घेऊन आले. बॅनर छापायला दिलाय, दादाचा दहावीतला फोटो. नावाआधी डॉ. लावलंय. दादा म्हणाला, 'काका, डॉ. काढा. अजून झालो नाही.' काका म्हणाले, 'आता छपाईला गेलं. तू हो लवकर म्हणजे झालं.'
आई हसली. दादाही हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

१६ जाने.
रात्रपाळीवरून सकाळी आलो, दादा जागाच.
मी ठरवून बोललो. 'समज, ते बल खरंच आहे. तू आता सांगितलंस तर दुसऱ्याच्या चाळणीतही ते दिसेलच ना? मग भीती कसली?'
'दिसेल. त्याच्या नावावर दिसेल.'
'आणि नसेल तर?'
'तर माझी पाच वर्षं एका तापात गेली.' मग म्हणाला, 'तुला वाटतं मला नावाचं पडलंय. मला आईचं पडलंय. त्या बॅनरचं पडलंय. हे सगळे लोक ज्या गोष्टीला टाळ्या वाजवणार आहेत ती काय आहे, ते त्यांना कधी कळणार नाही. मला मात्र प्रत्येक टाळीला आठवेल.'
मग सांगून टाक, असं म्हणायचं होतं. आई चहा घेऊन आली.

२० जाने., सोम.
सरांचा फोन आला. दादाला द्या म्हणण्याआधी म्हणाले, 'मिलिंदराव, आधी तुमच्याशीच बोलतो. समितीला कळवायचंय की पेटीची किल्ली तिसऱ्या माणसाकडे होती. चांगली पद्धत आहे, त्यांनाही आवडली. तुम्ही ती कुणाला दिली नाही ना?'
'नाही सर.'
'मागितली होती का त्याने?'
'मागितली होती. दिली नाही.'
सर हसले. 'सगळेच मागतात. मग पेटी कुणी पाहिलेली नाही, असं लिहू ना मी?'
दादा समोर दारात उभा. तो मान हलवत नव्हता. 'हो' अशीही नाही, 'नाही' अशीही नाही. नुसता माझ्याकडे बघत होता, शाळेत निकालाच्या दिवशी मी त्याच्याकडे बघायचो तसा.
पहिली दोन उत्तरं खरी होती. तिसरं मला देता आलं नाही. मी म्हणालो, 'सर, ते दादालाच विचारा,' आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.
दादा म्हणाला, 'हो सर.' मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत आवाज होता, शब्द कळत नव्हते. ऐकायचा प्रयत्नही केला नाही. हे इथे खरं लिहायला हवं: मुद्दाम केला नाही.
बाहेर आला तेव्हा विचारलं, 'काय बोललास?'
'तू ऐकलं नाहीस?'
'नाही.'
'बरं.' चपला घालून तो बसस्टॉपच्या दिशेने चालत गेला. तासाभराने परत आला, कोथिंबीर घेऊन. आईने सांगितलेली नव्हती.

२२ जाने.
दादा कॉम्प्युटर लावत नाही. झाकून ठेवलाय. सरांशी काय बोलणं झालं ते सांगत नाही. विचारलं की म्हणतो, बोलणं झालंय.
सांगितलं असेल तर एवढा शांत कसा? आणि सांगितलं नसेल तर एवढा शांत कसा?

२३ जाने., गुरु.
संध्याकाळी पुन्हा सरांचा फोन. आईने घेतला. रविवारी सकाळच्या गाडीने नाशिकला येतायत, संस्थेतले आणखी एकजण बरोबर. कशासाठी ते आईने विचारलं नाही. तिच्या मते सत्कारासाठी. जाधवकाकांनी ताबडतोब कार्यक्रमात 'प्रमुख पाहुणे' घातलं.
दादाला सांगितलं. 'दोघे?' एवढंच म्हणाला.
सर एकटे आले असते तर मी सत्काराचं मानलं असतं.

२५ जाने., शनि.
बॅनर लागला. विहाराच्या कमानीवर, दहावीतला दादा, केस चापून बसवलेले. मुलं खाली पताका लावताहेत. घरी आई सकाळपासून निवडण्यात. पुरण घातलंय.
'तुझे सर तिखट खातात का रे?' तिने दादाला विचारलं.
'माहीत नाही, आई. पाच वर्षांत कधी त्यांच्याबरोबर जेवलो नाही.'
'मग बेताचंच करते.'
दादाने पांढरा शर्ट इस्त्री केला. कॉलर दोनदा केली. मी म्हटलं, 'आता तरी सांग. मला तयारी करायची आहे.'
'कसली तयारी?'
'मला विचारतील त्याची.'
दादाने इस्त्री उभी केली आणि म्हणाला, 'तुला जे येईल ते सांग. मी त्यांना काय सांगितलंय ते तुला सांगितलं, तर तू तेच सांगशील. मग पुन्हा कुणालाच काही कळणार नाही.'
थोड्या वेळाने मला कळलं, की हे त्याने कबूल केलेल्या माणसासारखंही म्हटलं असेल आणि न केलेल्यासारखंही.
उद्या कारखाना बंद. पाहुण्यांना आणायला नाशिकरोडला मीच जायचं आहे. दादाला कार्यक्रमाआधी घराबाहेर पडू द्यायचं नाही असं जाधवकाकांनी ठरवलंय. स्टेशनपासून सातपूरपर्यंत रिक्षाला चांगला वेळ लागतो. सर एका बाजूला बसतील, दुसरे गृहस्थ दुसऱ्या बाजूला, मी मध्ये. वाटेतला द्वारका चौक ओलांडायच्या आत ते विचारतील. आणि रिसीव्हर हातात द्यायला तेव्हा दादा समोर नसेल.